एक कड

तीन होते, वर्तमानपत्र पसरून टेबलावर मांडलेले.
एक स्विंडनहून भाच्याने पाठवलेला,
दुहेरी, चकचकीत, थर्माकोलचे कण अजून चिकटलेले.
एक म्हापशाच्या दुकानातला, नक्कल,
ओतकामाची शिवण बोटाला टोचत होती.
तिसरा गाडीचाच,
त्रेपन्न सालापासून ह्याच इंजिनाला श्वास देणारा,
सध्या स्वतःच धापा टाकणारा.

बाय एर्मेलिंदा म्हणाली, नवा बसव मोर्तू,
भाचा फोनवर विचारत असतो.
म्हटलं, बाय, इंजिन आठशे तीन सीसीचं.
एवढ्याशा छातीला दोन मोठे घसे लावले
तर वारा आत शिरेल रमतगमत,
आणि रमणाऱ्या वाऱ्याला पेट्रोल उचलत नाही.
अरुंद गळ्यातून जाताना तो धावतो,
धावतो म्हणून ओढतो.
खाजनाच्या मानशीवर उभी राहून बघ,
पाणी दारातच जोर धरतं.
तिने बघितलं होतं. हळदोण्याची बाई ती.

जुना उघडला.
पिस्टन निरोगी: उचलून सोडला की थप्प,
एकच शब्द, पण पुरा.
सुईवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, सुई खरी.
खोड दांड्यात.
थ्रॉटलचा दांडा भोकात इतका सैल
की वारा चोरवाटेने आत,
कुठल्याच हिशेबात न धरलेला.
आमच्यात पितळेचं काम पणज्यापर्यंत मोजता येतं,
त्यापलीकडे कुणी मोजलेलं नाही.
दोन बुश कातले मोडक्या समईच्या दांडीतून.
देवाला म्हटलं, चालवून घे.

चार वाजता सुरू केलं.
आधी गरम होऊ दिलं नीट,
थंड इंजिन विचाराल तर खोटंच सांगतं.
मग खालची पिन बोटाने वर, केसाएवढी:
पळत सुटलं, तर जास्त जेवलंय,
मान टाकली, तर उपाशी,
किंचित उठून पुन्हा जागेवर बसलं, तर पुरे.
आमचं पळत होतं.
नट सहा कडांचा. एक कड वर. ऐक.
आणखी एक. ऐक.
इतक्यात रस्त्यावर पोदेराचा पों पों.
मी हात वर केला.
तो सायकल धरून थांबला,
पावांवर निळं प्लास्टिक,
आणि तोही ऐकू लागला.
अर्धी कड.
बसलं.
मडगार्डवरच्या पेल्यातला चहा
नुसता शहारला, सांडला नाही.

बाल्कांवातून बाय म्हणाली, ही आमची गाडी नव्हे.
कशी?
वास नाही.
आनिसेत यायचा तेव्हा फाटकाशी आधी पेट्रोलचा वास यायचा,
मग गाडी.
वासावर आई ताट वाढायला घ्यायची.

मी समजावलं,
वास म्हणजे न जळलेलं पेट्रोल, बाय,
म्हणजे पैसे, म्हणजे काळे प्लग.
तुझा भाऊ वीस वर्षं चुकीची गाडी चालवत होता.
चुकीचीच, ती म्हणाली,
आणि खाली उतरून पोदेराकडचे पाव मोजू लागली.

चहा संपवला. तो गार झाला होता.
बरोबर जागा कुठली ते आता मला ठाऊक होतं,
म्हणून तिच्यापासून किती हटायचं, तेही.
पाना लावला.
एक कड खाली.
मागचा धूर जरासा करडा झाला,
पोदेराने नाकाला बाही लावली.
चार, पाच म्हणताना बाय अडखळली
आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

रात्री वहीत लिहिलं:
मॉरिस, हळदोणे. जुनाच ठेवला. बुश दोन.
प्लग दर तीन महिन्यांनी घासणे.
त्याचे पैसे लावू नयेत.